कारण क्रमांक सहा

पुण्याहून आलेलं पत्र पिंपळदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तिघांनी वाचलं आणि तिघांनाही ते कळलं नाही. पत्रात म्हटलं होतं की लसीकरणाच्या नोंदी यापुढे कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत, त्यासाठी नवी प्रणाली तयार होत आहे, आणि प्रणालीच्या विकासात वापरकर्त्यांचा सहभाग आवश्यक असल्यामुळे आपल्या केंद्रातून एक वापरकर्ता प्रतिनिधी मंगळवारी सकाळी अकरा वाजता पाठवावा.

"वापरकर्ता म्हंजे कोण?" क्लार्क कुंडलिकने विचारलं.

डॉक्टरसाहेबांनी पत्र उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

मंगळवारी नर्स शीलाताईंची गरोदर बायकांची तपासणी असे. कुंडलिकचे महिन्याचे रिपोर्ट राहिले होते. उरले आरोग्यसेवक दादाभाऊ कोकरे. त्यांच्याकडे त्या आठवड्यात विहिरींत टाकायची पावडर आलेली नव्हती, त्यामुळे ते मोकळे होते.

"दादाभाऊ, घरोघरचं रजिस्टर कोण वापरतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच की."

"मग तुम्हीच वापरकर्ता."

असा दादाभाऊंचा निवाडा झाला. दादाभाऊ तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. बावीस वर्षं ते त्याच डोंगराळ भागात वाड्यावस्त्या हिंडत होते. घराणं मेंढपाळाचं. थोरला भाऊ नवसू अजून मेंढरं राखायचा आणि दिवाळी झाली की बायकापोरांसकट घाट उतरून कोकणात जायचा. दादाभाऊ दहावी झाले म्हणून सरकारात लागले, पण चालायचं काही सुटलं नाही. सरकारी काम कसलंही असो, ते सांगितलंय तसं करायचं, हा त्यांचा स्वभाव. सहभाग घ्यायला सांगितलाय म्हणजे तो घ्यायचा, एवढं त्यांनी मनाशी धरलं आणि मंगळवारी पहाटेची एसटी पकडली. रजिस्टर पिशवीत घातलं. पत्रात तसं लिहिलं नव्हतं, पण वापरकर्त्याने वापरायची वस्तू बरोबर नेऊ नये हे त्यांना बरं वाटेना.

पुण्याच्या ऑफिसात लांब टेबलाभोवती पंधरा-सोळा माणसं बसली होती. ठिकठिकाणच्या केंद्रांतून आलेले वापरकर्ते. सगळ्यांच्या पुढे एकेक कोरी वही, पेन आणि दोन बिस्किटं ठेवली होती. मुख्य साहेब आले, त्यांनी वापरकर्ता हाच केंद्रबिंदू असल्याचं सांगितलं आणि घड्याळ बघितलं. मग कंपनीची एक मुलगी उठली. तिचं नाव प्राची. तिने भिंतीवर कॉम्प्युटरचं चित्र पाडलं आणि एकेक रकाना समजावून सांगितला. बाळाचं नाव, आईचं नाव, गाव, जन्मतारीख. शेवटी लसीपुढे दोन चौकोन होते. एक 'घेतली', दुसरा 'घेतली नाही'.

"काही सूचना?" साहेबांनी विचारलं.

"छान आहे," खेडचा वापरकर्ता म्हणाला.

"लई छान आहे," शिरूरचा म्हणाला.

असं टेबलाच्या कडेकडेने छान येत येत दादाभाऊंपर्यंत पोचलं. दादाभाऊ उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"साहेब, दार बंद असलं तर काय लिहायचं?"

"घेतली नाही."

"आन् बाळ मामाच्या गावाला गेलं असलं तर?"

"घेतली नाहीच की."

"पण तिकडं घेतली असली तर?"

साहेबांनी प्राचीकडे पाहिलं. प्राचीने कंपनीच्या तिच्या वरिष्ठांकडे पाहिलं. वरिष्ठ म्हणाले, हे ठरलेल्या कामात बसत नाही. साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे, आपण त्याची नोंद घेऊ. नोंद कोणीच घेतली नाही, कारण ज्याने त्याने ती दुसरा घेतोय असं धरलं. फक्त प्राचीने वहीत काहीतरी खरडलं, आणि जेवणाच्या सुट्टीत ती दादाभाऊंच्या शेजारी येऊन बसली.

"काका, तुम्ही आता हे सगळं कुठे लिहिता?"

दादाभाऊंनी डबा बाजूला सारला, हात पुसले आणि पिशवीतून रजिस्टर काढलं. सरकारी छापील पान. त्याच्या अगदी कडेला, जिथे छपाई संपते तिथे, पेन्सिलीने बारीक अक्षरं होती. द. मा. मे. रु.

"द म्हंजे दार बंद. मा म्हंजे माहेरी. मे म्हंजे मेंढरामागं गेल्यात, आता ज्येष्ठातच गावतील. पेनानं लिवलं तर तपासणीला साहेब इचारत्यात, ह्ये काय म्हणून. म्हणून पेन्सिल."

"आणि रु?"

"रुसल्यात."

"म्हणजे?"

"म्हंजे दार उघडं असतं, माणूस घरात असतं, बाळ पण असतं. पण देत न्हाईत."

प्राची बराच वेळ पानं उलटत राहिली. मग तिने विचारलं, मी तुमच्याबरोबर दोन दिवस हिंडले तर चालेल का. दादाभाऊ म्हणाले, चालंल, पण चालावं लागंल.

*

पंधरा दिवसांनी प्राची खरंच आली. जानेवारी होता. सकाळी गवतावर दव होतं आणि तिच्या पायांत शहरातले पांढरे बूट होते. दादाभाऊंनी बुटांकडे एकदा पाहिलं आणि शीलाताईंच्या जुन्या चपला तिला दिल्या. दोघं कडेवाडीची चढण चढू लागले.

तिला सगळंच लिहून घ्यायचं होतं. नवसूच्या घराला कुलूप होतं आणि ओट्यावर कुत्रंही नव्हतं. "मे," प्राची म्हणाली. दादाभाऊंनी मान हलवली. पुढच्या घरी जन्मतारीख विचारली तर म्हातारीने सांगितलं, नाचणीची झोडणी चालू होती तेव्हाचा. प्राचीने विचारलं, कॉम्प्युटरमध्ये असं कसं टाकायचं? दादाभाऊ म्हणाले, आमी त्याचा कार्तिक धरतो, मागनं कॅलेंडर बघतो. तिने वहीत तीन पानं लिहिली. दुपारपर्यंत ती माणसांशी चांगली बोलायला लागली, कारण तिचं आजोळ ओतूरचं होतं आणि तसं सांगितल्यावर प्रत्येक घरी कुणीतरी ओतूरचं निघत होतं.

वाडीच्या टोकाला, कड्याच्या अंगाला एक घर राहिलं. दादाभाऊ अलीकडच्या आंब्याखाली थांबले.

"ह्ये ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ह्ये रु आहे."

"मग तेच बघायचंय मला," प्राची म्हणाली, आणि पुढे निघाली. वापरकर्ता मागून गेला.

ओट्यावर झुंबरबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. वय पन्नाशीचं असेल. आतून तान्ह्या बाळाचा आवाज येत होता. त्यांची मुलगी हिरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. झुंबरबाईंनी प्राचीला बसायला पोतं टाकलं. दादाभाऊंना टाकलं नाही. दादाभाऊ अंगणात उभे राहिले.

प्राचीने ओतूर सांगितलं, कॉम्प्युटर सांगितला, मग सरळच विचारलं, "मावशी, बाळाला लस का देत नाही तुम्ही?"

"त्यान्ला इचार," झुंबरबाई म्हणाल्या. हात सुपातच होता.

"त्यांना माहीत नाही म्हणतात. रुसलात, एवढंच माहीत आहे."

झुंबरबाईंनी सूप खाली ठेवलं.

"रुसले? मी काय नवी नवरी हाये व्हय?" त्या म्हणाल्या. "ऐक. ही आत हाये ना हिरा, ही दीड महिन्याची व्हती. ह्योच माणूस आला, तवा मिशा काळ्या व्हत्या. संग नर्सबाई व्हती, ही आत्ताची न्हवं, आधीची. मांडीत सुई दिली. म्हनला, ताप यील, भिऊ नका, उद्या येतो बघाया. ताप आला. मांडीला गाठ आली, अशी, लिंबाएवढी. मी वाट बघितली. उद्या झाला, परवा झाला. आठवड्यानं गाठ पिकली. पाऊस व्हता, गाडी वर येत न्हवती. पोरगी पदरात बांधून जुन्नरला चालत गेले, तिथं चिरा दिला. जगली. त्याचं मला काय न्हाई, गाठ कुनाला पन यील. पर ह्यो माणूस उद्या येतो म्हनला आन् आला कधी? सा महिन्यांनी. तवा बी हिराचं काय झालं इचारलं न्हाई. रजिस्टर उघडलं आन् म्हनला, दुसरा डोस ऱ्हायला."

 आत हिरा बाळाला थोपटत होती, ते थोपटणं थांबलं.

"तुमच्या त्या मशीनमधी काय लिवायचं ते सांगते," झुंबरबाई म्हणाल्या. "लिव, इचाराया कुनी आलं न्हाई."

प्राचीने ते लिहून घेतलं. जसंच्या तसं.

उतरताना ओढा ओलांडल्यावर प्राचीने विचारलं, "काका, तुम्हाला आठवतं का हे?"

"आठवतं. दुसऱ्या दिवशी मला ऑपरेशनच्या कॅम्पाला पाठवला. आठ दिस तिकडंच व्हतो. मग राहून गेलं."

"आणि सहा महिन्यांनी?"

"तवा ती लई रागानं बगत व्हती. म्हणून न्हाई इचारलं."

"आणि नंतर वीस वर्षं?"

दादाभाऊंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "नंतर मी रु लिवत गेलो," ते म्हणाले.

*

मार्चमध्ये पुण्याला शेवटची बैठक झाली. प्राचीने वरिष्ठांशी कसं भांडण काढलं ते तिलाच ठाऊक, पण 'घेतली नाही' या चौकोनाखाली आता कारणांची यादी आली होती. एक, दार बंद. दोन, माहेरी किंवा पाहुणे. तीन, हंगामी स्थलांतर. चार, बाळ आजारी. पाच, लस संपली. पाचव्या कारणावर साहेब थोडे थांबले, पण ते वरच्या ऑफिसकडे बोट दाखवत असल्यामुळे त्यांनी ते राहू दिलं. सहावं कारण होतं, 'विचारायला कुणी आलं नाही.'

"हे कुणी टाकलं?" साहेबांनी विचारलं.

"वापरकर्त्याने," प्राची म्हणाली.

"कुठला वापरकर्ता स्वतःविरुद्ध लिहून देईल?"

दादाभाऊ उभे राहिले.

साहेब समजूतदार होते. त्यांनी दादाभाऊंना बसायला सांगितलं आणि म्हणाले की भावना योग्य आहे, शब्द बरोबर नाहीत. 'लाभार्थ्याचे असहकार्य' असं करू. अर्थ तोच राहतो. खेडच्या वापरकर्त्याला ते छान वाटलं. शिरूरच्यालाही वाटलं. प्राचीने तोंड उघडलं, पण वरिष्ठांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

मग मंजुरीचा कागद फिरला. पानाच्या तळाशी प्रत्येक केंद्राच्या प्रतिनिधीची सही हवी होती, कारण वापरकर्त्यांच्या सहभागाशिवाय प्रणाली स्वीकारू नये असा वरचा नियम होता. पंधरा सह्या झाल्या. दादाभाऊंनी कागद वाचला, परत वाचला आणि सही न करता पुढे सरकवला. पुढे कुणीच नव्हतं. कागद टेबलाच्या टोकाला जाऊन थांबला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, अर्थ त्योच ऱ्हात न्हाई," दादाभाऊ म्हणाले. "ती असहकार्य करत न्हाई. तिनं सहा महिनं वाट बगितली."

"कोण ती?"

"झुंबरबाई."

साहेबांनी यादीत पाहिलं. झुंबरबाई नावाचा वापरकर्ता यादीत नव्हता. त्यांनी तसं सांगितलं. दादाभाऊ म्हणाले, नसंल, पण सहभाग तिचाबी हाये. साहेबांनी बैठक तहकूब केली.

पुढच्या तीन आठवड्यांत पिंपळदऱ्याच्या दवाखान्यातला फोन, जो एरवी महिन्यातून दोनदा वाजे, तो अकरा वेळा वाजला. डॉक्टरसाहेबांनी दादाभाऊंना आधी समजावलं, मग विनवलं, मग सांगितलं की बदलीचा विषय निघालाय. दादाभाऊंनी विचारलं, कुठं? डॉक्टर म्हणाले, दौंडकडे कुठेतरी. तिकडं सपाट आहे म्हणतात, दादाभाऊ म्हणाले, आणि विहिरीत पावडर टाकायला निघून गेले. ती आता आली होती.

घरी मात्र त्यांना जेवण जात नव्हतं. बायको म्हाळसाबाईने एकदा भाकरी मोडता मोडता विचारलं, "सहीचं तेवढं मनाला लावून घेतलंय. त्या बाईकडं गेला व्हता का पुन्यांदा?"

"न्हाई."

"का?"

दादाभाऊंनी ताट बाजूला सरकवलं. पुण्याला ते दोनदा जाऊन आले होते. एकशे दहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. कडेवाडी दवाखान्यापासून पाच किलोमीटर होती.

शेवटी मार्ग प्राचीने काढला. तिने नवे शब्द सुचवले. सहावं कारण, 'विचारपूस बाकी'. साहेबांना ते पटलं. बाकी हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. ऑफिसात पुष्कळ गोष्टी बाकी असतात, त्यात कुणाचा दोष नसतो, काम चालू आहे असाच त्याचा अर्थ होतो. दादाभाऊंनी फोनवर ते दोनदा ऐकलं. "बाकी म्हंजे करायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "ह्ये खरं आहे." आणि कागद आल्यावर सही केली.

प्राचीने आणखी एक गोष्ट घातली होती, ती मंजुरीच्या कागदात बाराव्या पानावर होती आणि बारावं पान कुणी वाचलं नव्हतं. ज्याच्यापुढे सहा नंबर पडेल, ते नाव दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप छापून येणार होतं. खाली आरोग्यसेवकाचं नाव. विचारपूस केल्याची तारीख घालेपर्यंत ते येत राहणार होतं.

*

जूनमध्ये दवाखान्यात कॉम्प्युटर आला. दादाभाऊंनी रजिस्टर वाचून दाखवलं आणि कुंडलिकने दोन बोटांनी सगळं आत भरलं. एक जुलैला प्रिंटर करकरला आणि एक कागद बाहेर आला. त्यावर एकच ओळ होती.

"विचारपूस बाकी, एक," कुंडलिकने मोठ्याने वाचलं. "झुंबरबाई, कडेवाडी. जबाबदार कर्मचारी, दादाभाऊ कोकरे."

तालुक्यात दुसऱ्या कुणीच सहा नंबर भरला नव्हता. बाकीच्या आरोग्यसेवकांच्या नोंदींत सगळ्यांचीच दारं बंद होती.

दादाभाऊंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि छत्री घेतली. शीलाताईंनी विचारलं, लसीचा डबा घ्यायचा का? ते म्हणाले, न्हाई, नुसतं जाऊन येतो.

झुंबरबाई घरातच होत्या. हिरा बाळाला घेऊन अजून माहेरीच होती, नवरा भात लावणी उरकून न्यायला येणार होता. दादाभाऊंनी छत्री ओट्याला टेकवली. अंगणात उभं राहायला पाऊस होता, म्हणून ते पायरीवर चढले.

"हिराच्या मांडीचं कसं हाये आता?" त्यांनी विचारलं.



"वीस वरसं झाली," झुंबरबाई म्हणाल्या.

"व्हय. उशीर झाला."

मग झुंबरबाई बोलायला लागल्या आणि तासभर बोलत होत्या. चिखलातून जुन्नरला कसं गेले, सासू काय म्हणाली, चालायला लागल्यावर पोरीला वर्षभर कसं लंगडताना बघितलं, आणि तुमच्यासारख्या माणसाला सरकार पगार कशाचा देतं.  दादाभाऊ एकदाही पण म्हणाले नाहीत. कॅम्पाचं त्यांनी सांगितलं नाही. हिराने आतून चहा आणला आणि पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला.

"आई, बाळाला दिऊ का सुई?" हिराने विचारलं.

"मला काय इचारती? तुझं बाळ," झुंबरबाई म्हणाल्या. आणि दादाभाऊंना म्हणाल्या, "बुधवारी आना त्या नर्सबाईला. पर ताप आला तर?"

"मी यीन बगायला."

बुधवारी शीलाताईंनी लस दिली. गुरुवारी दादाभाऊ आले, बाळाच्या कपाळाला हात लावला, मांडी पाहिली. शुक्रवारी आले. शनिवारी पाऊस मुसळधार होता तरी आले. रविवारी सुट्टी होती, त्या दिवशीही त्यांची छत्री चढणीवर दिसली तेव्हा झुंबरबाई दारातूनच ओरडल्या, "अवो, पोरगं खडखडीत हाये. रोज येऊ नगा, साखर संपली घरातली."

ऑगस्टच्या कागदावर पिंपळदऱ्याची ओळ नव्हती. पण आता दुसरंच झालं. शीलाताईंनी ही हकिगत तालुक्याच्या बैठकीत चार बायकांना सांगितली, त्यांनी आणखी कुणाला सांगितली, आणि दिवाळीपर्यंत सहा नंबरची संख्या त्रेचाळीसवर गेली. पुण्याच्या साहेबांनी विचारणा केली की जूनपूर्वी विचारपूस बाकीचं प्रमाण शून्य असताना आता ते एवढं कसं वाढलं, सबब संबंधित वापरकर्ता प्रतिनिधीने लेखी खुलासा करावा.

दादाभाऊंनी कुंडलिककडून कोरा कागद मागून घेतला. दुपारभर बसून त्यांनी खुलासा लिहिला. 'आधी आम्ही लिहीत नव्हतो, आता लिहितो. कळावे.' खाली सही आणि तारीख. डॉक्टरसाहेबांनी तो वाचला, थोडा लांब करता येईल का विचारलं, आणि मग तसाच पाठवून दिला. त्यावर पुढे काही आलं नाही. बदलीही आली नाही.

हे सगळं व्हायच्या आधी, ऑगस्टमध्येच, दुसऱ्या डोसाच्या दिवशी दादाभाऊ डबा घेऊन कडेवाडीला निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात दवाखान्याच्या फाटकातून हिरा आत आली. बाळ कडेवर होतं. तिच्या मागे झुंबरबाई होत्या, आणि बसायला सावलीत एखादं बाकडं टाकायला ह्यांना काय झालं होतं, असं त्या आल्या आल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या.